पाठीमागची पेटी

भाव करताना समोरच्याचं निम्मं बोलणं मी कानावर घेतच नाही. विकणारा जे बोलतो ते भाव टिकवण्यासाठीच बोलतो, हे मी शिरूरच्या बाजारात पाठीवर पोती वाहायचो तेव्हाच शिकलो. त्याच जोरावर पुढं विहिरीवरच्या मोटारींच्या सुट्या भागांचा धंदा उभा केला. बेअरिंग, बुश, तांब्याची तार घेऊन नगर, पुणे, सोलापूर असे दौरे असायचे. एसटीच्या टपावर माल टाकून ते जमेना, म्हणून नव्वदच्या दशकाच्या अखेरीला एक साडेतीनशे सीसीची जड मोटारसायकल बघायला दौंडला गेलो.

गाडी एका मालगाडीच्या ड्रायव्हरांची होती. निवृत्तीला दोनेक वर्षं राहिलेली, रेल्वे कॉलनीत क्वार्टर. रजा मिळाली की गाडी काढायची आणि पार कर्नाटकापर्यंत जाऊन यायचं, हा त्यांचा नाद. आता गुडघे साथ देत नव्हते. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना त्यांनी स्वतः केलेल्या पत्र्याच्या पेट्या होत्या, सीटच्या बऱ्याच खाली बसवलेल्या. मी म्हणालो, पेट्या काढून ठेवा, त्यांचं भावात काही धरू नका.

"पेट्या गाडीसंगंच न्या, भाऊ," ते म्हणाले. "वजन खाली आन् पुढं राह्यलं, म्हंजी गाडी पळताना हालत न्हाई."

मला वाटलं, पेट्या गळ्यात मारतायत. मी हसलो, भाव आणखी पाडला आणि पेट्यांशिवाय गाडी घेऊन आलो. ते पुन्हा काही बोलले नाहीत.

शिरूरला मी वेल्डिंगवाल्याकडून मागच्या दिव्याच्याही मागं जाणारं लोखंडी कॅरिअर करून घेतलं आणि त्यावर एक मोठी उंच पेटी बसवली. सगळा माल एका झाकणाखाली. दुकानदारासमोर उभ्या-उभ्या उघडता यायची, याचा मला अभिमान होता. गावागावांतल्या रस्त्यांवर पन्नास-साठच्या वर जायची वेळ येत नसे, त्यामुळे काही दिवस बरे गेले.

मग एकदा पुण्याला जाताना शिक्रापूर ओलांडलं, रस्ता मोकळा दिसला आणि मी गाडी ताणली. ऐंशीच्या पुढं हँडल थरथरायला लागलं. बघता बघता ते दोन्हीकडं आपटू लागलं, जणू पुढचं चाक कोणी खालून धरून हलवतंय. मी सगळी ताकद लावून हँडल आवळलं आणि ब्रेक दाबला. पुढचं आठवतं ते एका ट्रकचं टायर, माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर थांबलेलं. ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला होता. मी त्यालाच शिव्या दिल्या.

खांद्याचं हाड मोडलं. दीड महिना घरात काढला. मेकॅनिकनं हँडलच्या बेअरिंगच्या गोळ्या बदलल्या, चाकं सरळ केली, तरी सत्तरनंतर थरथर होतीच. दर वेळी पेटी तशीच भरलेली, मागं बांधलेली. तिच्याकडं ना त्यानं बघितलं, ना मी. शेवटी तो म्हणाला, चेसी वाकलेली असणार, गाडी अ‍ॅक्सिडेंटची दिसते.

मी तशीच गाडी हळूहळू चालवत न्हावऱ्यावरून दौंडला नेली. ते ड्रायव्हर रेल्वे कॉलनीबाहेरच्या चहाच्या टपरीवर आपल्या कामावरच्या जोडीदारांबरोबर बसले होते. मी गाडी बंदही केली नाही.

"अ‍ॅक्सिडेंटची गाडी विकलीत मला," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "माणूस मेला असता तरी तुम्ही इथं चहाच पीत बसला असतात."

ते उठले, गाडीला एक फेरी मारली आणि पेटीपाशी बराच वेळ थांबले. मग दोऱ्या सोडून पेटी टपरीच्या फळीवर ठेवली आणि मला म्हणाले, चला, मी मागं बसतो.

कुरकुंभवरून आम्ही सोलापूर रस्त्याला लागलो. ते मला अगदी चिकटून बसले होते. काटा सत्तरवर आला तसे माझे खांदे आपोआप आखडले. "हँडल ढिलं धरा," ते कानाशी म्हणाले. "हात नुसतं टेकवा." ऐंशी झाले, नव्वद झाले. समोरून एक बस वारा मारत गेली. गाडी रुळावर असल्यासारखी चालली होती.

परत येताना कॉलनीच्या अलीकडं त्यांनी गाडी थांबवायला लावली.

"आता ती पेटी बांधून एकटं ऐंशीनं जाऊन दावता का?"

मी काट्याच्या काचेवरची धूळ पुसली.

"मंग जिथं बोल्लात, तिथंच एवढं सांगा, गाडीत खोट न्हाई म्हणून. ह्या मान्सांत मला अजून राह्याचंय."

मी म्हणालो, "मामा, जिवाचा प्रश्न होता तर दोनदा सांगायचं होतं. एकदा सांगून काय होतं?"

ते गाडीवरून उतरले आणि चालत निघाले. मी टपरीवर गेलो, पेटी उचलली. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी पेटी बांधली आणि काही न बोलता शिरूरचा रस्ता धरला.

माझा तो राग अजून गेलेला नाही. ज्याला कळतं त्यानं दोनदा सांगावं, असं मला आजही वाटतं. पण त्याच आठवड्यात मी तशाच दोन पेट्या करून दोन्ही अंगांना खाली बसवल्या, मागचं कॅरिअर कापून टाकलं, आणि त्यानंतर हँडल कधी थरथरलं नाही. वेग वाढला की हात आपोआप सैल होतात.

तीन-चार वर्षांनी त्याच गाडीवरून दौंडला गेलो. क्वार्टरमध्ये दुसरं बिऱ्हाड होतं. टपरीवर चौकशी केली. टपरीवाल्यानं मला ओळखलं नाही.

"कोन, ते अ‍ॅक्सिडेंटची गाडी इकल्यालं व्हय?" तो म्हणाला. "रिटायर होऊन गेलं की. कुठं गेलं ते ठावं न्हाई."

"गाडी अ‍ॅक्सिडेंटची नव्हती," मी म्हणालो.

"तुमाला काय म्हाईत?"

मी बाहेरच्या गाडीकडं बोट दाखवलं. "हीच ती. चूक माझी होती."

बाकावरच्या दोघा-तिघांनी मान वर केली आणि पुन्हा बशीत चहा ओतला. टपरीवाला म्हणाला, मंग हे तवाच सांगायचं. मी चहा संपवला. तो कप विसळत होता तेव्हा जवळ जाऊन मी त्याला पुन्हा एकदा सांगितलं.