पाच नंबरचं मशीन

माझी नोकरी मोजण्याची आहे. सिंदेवाहीत धानावर संशोधन चालतं, तिथे मी वाफ्यात उतरून धानाच्या एका झुपक्याला, म्हणजे चुडाला, किती फुटवे आले, एका लोंबीत किती दाणे भरले आणि किती पोचट राहिले, हे मोजून वहीत लिहितो. वीस वर्षं हेच करतो आहे. वहीच्या प्रत्येक पानावर सगळ्यात आधी वाफ्याचा क्रमांक लिहायचा असतो. तो नसेल तर बाकीचे आकडे कितीही बरोबर असले तरी ते पान फाडून टाकायचं. हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. म्हणून पुढे जे सांगणार आहे त्यात चूक कोणाची, हे मला शोधावं लागत नाही.

नोकरीच्या आधी मी आणि माझा मित्र चंद्रपुरात कॉलेजला होतो. जटपुरा गेटजवळ एक सायबर कॅफे होता, त्यात सहा कॉम्प्युटर. तिथे आम्ही दुपारभर गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम खेळायचो. त्या गेमचे तेव्हा दोनच भाग आले होते. दुसऱ्या भागात डोंगरातला एक रस्ता होता, एकोणीस वळणांचा. त्याची एक फेरी कोण किती वेळात पूर्ण करतो यावर सगळ्या कॅफेची इज्जत ठरायची. स्क्रीनवरची वेळ एका रजिस्टरमध्ये लिहायचं काम मी आपणहून घेतलं होतं. तारीख, खेळणारा, गाडी, वेळ, असे चार रकाने. माझी सगळ्यात चांगली वेळ एक मिनिट चव्वेचाळीस सेकंद. मित्राची एक मिनिट अडतीस.

अडतीस पुन्हा कोणालाच जमलं नाही. कॅफेवाल्याने तो आकडा भिंतीवर ऑइलपेंटने लिहून घेतला. मित्र नेहमी कोपऱ्यातल्या पाच नंबरच्या मशीनवर बसायचा. दुसऱ्या मशीनवर बस म्हटलं की म्हणायचा, "इथी गाडी ऐकते बे माही." आम्ही हसायचो.

पुढे त्याचे वडील गेले, त्याने शेवटच्या वर्षाची परीक्षा दिलीच नाही. सिंदेवाहीला परत येऊन वडिलांचं मोटार वाइंडिंगचं दुकान धरलं. कॅफे बंद झाला तेव्हा पाच नंबरचं मशीन तो एसटीच्या टपावर टाकून घेऊन आला. मोटारसायकल घेतली तेव्हा नंबरसाठी खटपट केली, शेवटचे तीन आकडे १३८. लग्नाकार्यात कॉलेजची जुनी मंडळी भेटली की त्याची ओळख अजून याच आकड्याने करून देतात. मी वीस वर्षं नोकरी केली, पण माझी ओळख अशी कोणी करून देत नाही.

दोन वर्षांपूर्वी या गेमच्या चाहत्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप झाला. चंद्रपूर, गडचिरोली, थोडे नागपूरचे, मिळून त्र्याऐंशी जण. वेळांचा तक्ता ठेवायला साहजिकच मला सांगितलं. डोंगराच्या रस्त्याच्या तक्त्यात सगळ्यात वर मी मित्राचा आकडा लिहिला. नियमही मीच केला, की जो दावा करेल त्याने पुरावा द्यायचा, स्क्रीन आणि हात दोन्ही दिसतील असा व्हिडिओ. मित्राच्या आकड्याला मी सूट दिली, कारण त्या वेळी व्हिडिओ नव्हता आणि साक्षीला मी होतो.

मग गेमचा आठवा भाग आला. मधे सहा वर्षं काहीच आलं नव्हतं, त्यामुळे ग्रुप नुसता पेटला. या भागात कंपनीने तोच डोंगराचा रस्ता नव्याने करून दिला होता. वळणं तीच एकोणीस. पण आता रस्त्यावर एक रंगीत रेघ दिसायची, ब्रेक कुठे दाबायचा ते ती सांगायची. वळण चुकलं तर एक बटण दाबून चार सेकंद मागे जाता यायचं. ब्रह्मपुरीच्या एका पोराने तिसऱ्याच दिवशी एक मिनिट छत्तीसचा व्हिडिओ टाकला आणि तक्त्यात वरचा नंबर मागितला.

मी नकार दिला. चार दिवस बसून नवीन रस्ता मोजला. गाडीच्या रुंदीने मोजला तर जुना रस्ता तीन गाड्यांचा, नवा पावणेचार गाड्यांचा. अकरा जागा अशा, जिथे गेम स्वतःच गाडी सावरतो. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं आणि शेवटी एक वाक्य घातलं, "जुन्या गेमने कोणालाही मदत केली नाही." ते वाक्य मला अजून पाठ आहे. वाद महिनाभर चालला.

"काका, तुमाले गेम नाई आवडत, तुमाले तुमचं कॉलेज आवडते," एकाने लिहिलं.

"रेघ पाहून गाडी चालवनारे आता आमाले शिकवतीन," आमच्या बाजूच्या एका दुकानदाराने उत्तर दिलं.

"चष्मा लावून रेघ दिसते का पहा भाऊ आधी," पलीकडून लगेच आलं.

मित्र या वादात पडला नाही. एकदाच त्याने लिहिलं, "येऊ द्या ना पोराइले वर. मी का तक्ता धरून बसलो का." पण दुकानात गेलो की तो आधी तेच विचारायचा. हातात मोटारीचा स्टेटर, बोटांनी त्यावरच्या तारेचे वेढे मोजत मोजत विचारायचा, "काय म्हंते बे ब्रह्मपुरी?" वेढ्यांना तो टर्न म्हणतो, आणि बोलता बोलता त्याची मोजणी कधी चुकलेली मी पाहिली नाही.

एटापल्लीकडे नोकरीला असलेली एक शिक्षिका ग्रुपवर होती. तिकडे नेटवर्क आठवड्यातून दोनदा येतं, त्यामुळे ती कमी लिहायची आणि विचार करून लिहायची. तिने मला एक साधा प्रश्न विचारला. "काका, जुने गेम मशीनच्या वेगावर चालायचे. मशीन हळू असलं तर गाडीही हळू आणि गेममधलं घड्याळही हळू. तो अडतीस गेमच्या घड्याळाचा की भिंतीवरच्या? आणि कोणतं मशीन होतं?"

मी रजिस्टर काढलं. तारीख, खेळणारा, गाडी, वेळ. मशीनच्या नंबरचा रकाना नव्हता. वाफ्याच्या क्रमांकाशिवायचं पान मी बावीस वर्षं जपून ठेवलं होतं.

रविवारी दुपारी मित्राकडे गेलो. मशीन माळ्यावर चादरीत बांधलेलं होतं. ते खाली काढून पुसून जोडायला दीड तास गेला, आणि सुरू झालं तेव्हा तो लहान पोरासारखा हसला. भाभींनी चहा आणला आणि म्हणाल्या, "या डब्ब्यासाठी माह्या शिलाई मशीनला घरात जागा नाई." मी खिशातून स्टॉपवॉच काढलं. ऑफिसात पाटाच्या पाण्याचा वेग मोजायला वापरतो तेच.

"हे कायले आनलं बे?"

"मोजून पाहू म्हटलं."

"बावीस वर्षांनी?"

मी गाडी सुरुवातीच्या रेघेवर तशीच उभी ठेवली आणि गेमचं घड्याळ चालू दिलं. गेमची पाच मिनिटं झाली तेव्हा माझ्या हातातल्या घड्याळात पाच मिनिटं पंचावन्न सेकंद झाले होते. पुन्हा मोजलं. मग त्याला गाडी चालवायला लावून मोजलं. दहा वेळा. या मोजण्यांतला आपसातला फरक अर्ध्या सेकंदाच्या आतच राहिला. त्या मशीनवरचं एक मिनिट बाहेरच्या एकाहत्तर सेकंदांचं होतं. तिथे वळणं सावकाश यायची, हाताला जास्त वेळ मिळायचा. गाडी ऐकते, असं तो म्हणायचा, ते शब्दशः खरं होतं. एक मिनिट अडतीस म्हणजे खरे एक मिनिट छप्पन्न.

गुणाकार मी कागदावर केला. तोंडी जमला असता, पण कागदावर केल्याने तेवढा वेळ त्याच्याकडे पाहावं लागलं नाही.

त्याने गाडी पुन्हा सुरुवातीच्या रेघेवर आणून उभी केली. मग म्हणाला, "मले मालूम नव्हतं."

"मले मालूम आहे तुले मालूम नव्हतं ते."

"ग्रुपवर टाकशीन?"

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"नाई टाकलं तं कोन मरते?"

"कोनी नाई मरत."

"मंग?"

"साऱ्याइले पुरावा मीच मागितला ना. त्या ब्रह्मपुरीच्या पोराले महिनाभर लटकवलं मी."

"त्याले टाक वर. माहा खाली कर. पन हे मशीनचं नको सांगू." मग म्हणाला, "माह्याजोळ दुसरं काय आहे बे असं?"

चार दिवस मी काहीच लिहिलं नाही. पाचव्या दिवशी एटापल्लीचं नेटवर्क आलं. "काका, मोजलं का?" मी लिहिलं, "मशीन सुरूच झालं नाही." ते पाठवलं नाही, पुसलं. पुन्हा तेच लिहिलं आणि पुन्हा पुसलं. मग सगळे आकडे लिहिले. दहा मोजण्या, त्यांची सरासरी, गुणाकार. शेवटी आणखी एक गोष्ट लिहिली. माझा चव्वेचाळीस दोन नंबरच्या मशीनवरचा होता. ते मशीन नवं होतं आणि बहुतेक बरोबर चालायचं, पण आज ते अस्तित्वात नाही, म्हणून माझीही वेळ सिद्ध होत नाही. सबब दोन्ही आकडे तक्त्यातून काढतो आहे.

सगळं मी फार नीट लिहिलं होतं. पाठवलं आणि जेवायला बसलो.

जेवून उठेपर्यंत नव्या बाजूच्या एकाने लिहिलं होतं, "म्हंजे म्हातारे वीस वर्षं स्लो मोशनमधी पळून राह्यले होते." त्यावर एक्केचाळीस हसरे चेहरे आले. मी मोजले, सवयीने. जुन्या बाजूच्या दुकानदाराने मला उलटून विचारलं, "तेवढं सोडा भाऊ. त्याचा छप्पन्न आन् तुमचा चव्वेचाळीस, म्हंजे आता पयला कोन?" शेवटच्या तीन ओळी कोणी वाचल्याच नव्हत्या. मी त्या पुन्हा पाठवल्या. तेव्हा एकाने लिहिलं की काकांनी किती हुशारीने दोघांचे आकडे काढले, पण पहिला कोण ते सगळ्यांना कळवूनच.

त्याखाली बारीक अक्षरात, मित्र ग्रुप सोडून गेल्याची ओळ आली.

मी फोन केला. त्याने उचलला आणि एकच वाक्य बोलला. "बावीस वर्षं तुह्या पोटात होतं का रे हे?" नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि थांबलो. कारण मला खात्री नव्हती. तो पाच नंबरवर बसला की गाडी वेगळी वाटायची, हे मीही पाहिलं होतं. रकाना करायला मला कोणी अडवलं नव्हतं. पुढे रविवारी घड्याळ घेऊन मी कशासाठी निघालो होतो, नियमासाठी की चव्वेचाळीससाठी, हे मोजायला माझ्याकडे काही साधन नाही. तेवढ्यात त्याने फोन ठेवला.

नवव्या दिवशी ग्रुप दुसऱ्या वादात गेला. आठव्या भागात पाऊस पडतो तेव्हा टायर खऱ्यासारखे घसरतात की नाही, यावर. ब्रह्मपुरीच्या पोराला मी वरचा नंबर दिला, पण तोवर त्याला त्यात रस राहिला नव्हता. "ओके काका," एवढंच त्याने लिहिलं. शिक्षिकेने वेगळा निरोप पाठवला, "मी फक्त विचारलं होतं काका." तिचं बरोबर आहे. तिने फक्त विचारलं होतं.

मे महिन्यात आमच्या कूलरची मोटार जळली. बायको म्हणाली, "दुसऱ्या कोनाले द्या ना. काऊन जाता तिथी?" पण गावात मोटार बांधावी तर त्यानेच, म्हणून मी गेलो. मोटारसायकल दुकानाबाहेर उभी होती. तिच्यावरचा नंबर काही बदलता येत नाही.

त्याने मोटार हातात घेतली, वास घेतला. "परवा या," म्हणाला. मी म्हटलं, "बरा आहेस ना बे?" त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं.

परवा गेलो. मोटार तयार होती. नवी तार, काम नेहमीसारखं स्वच्छ. मी ती पिशवीत ठेवायला लागलो, तेव्हा तो म्हणाला, "थांबा. टर्न मोजून घ्या आधी. मांगून नका म्हनू का कमी भरले."

दुकानात आणखी दोन माणसं होती, ती हसली. त्यांना वाटलं, चेष्टा चालली आहे. मी मोटार तशीच पिशवीत टाकली आणि निघालो.