मेजरीणबाईंची तपासणी

आमच्या वहिनींना गल्लीत सगळे मेजरीणबाई म्हणतात. माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी थोरला भाऊ फौजेत ड्रायव्हर म्हणून लागला आणि ड्रायव्हर म्हणूनच निवृत्त झाला. मेजर त्याने पाहिला तो गाडीच्या आरशात, मागच्या सीटवर बसलेला. पण वहिनी दूधवाल्याला ज्या स्वरात "सात मिनिटं उशीर" असं सांगतात, तो ऐकून कोणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. वहिनींनी कधी हरकत घेतली नाही.

विसाव्या वर्षी लग्न होऊन त्या थेट फौजेच्या क्वार्टरमध्ये गेल्या. तिथे दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी घरांची तपासणी व्हायची. पांढरे हातमोजे घातलेला अधिकारी दाराच्या चौकटीवरून बोट फिरवायचा आणि उलटं करून बघायचा. देशाच्या सीमा चौकटीवरच्या धुळीमुळे धोक्यात येतात, अशी त्या लोकांची समजूत असावी. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ते बोट काळं निघालं आणि दादाची रजा रद्द झाली. वहिनींच्या आजारी आईला भेटायला जायची ती रजा होती. आई पुढच्या आठवड्यात गेली. तेव्हापासून वहिनींच्या घरात धूळ कोणाला दिसलेली नाही.

दादाला जाऊन सहा वर्षं झाली. वहिनी आता एकोणऐंशीच्या आहेत. सांधेदुखीने बोटं अशी वळली आहेत की बटण लागत नाही, नळ फिरत नाही. वर्षभरात तीनदा पडल्या. वरच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई कामावर जाण्याआधी त्यांना अंघोळ घालून, कपडे चढवून जायची. ते सगळं तिच्या चांगुलपणावर चाललं होतं आणि तिचा कारखाना लवकरच दूर हलणार होता. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, सकाळ-संध्याकाळ माणूस मिळवा, नाहीतर वृद्धाश्रम बघा.

परदेशातल्या पुतण्याने दुसरा पर्याय फार तत्परतेने उचलला. त्याने फोनवर फोटो पाठवले. "बाग पण आहे, काका," तो म्हणाला, जसं काही आईचं आयुष्य बागेवाचून अडलं होतं. एक खोली त्याने तीन महिन्यांच्या मुदतीने धरून ठेवली होती.

"मी या घरातून आडवीच निघेन," वहिनी म्हणाल्या. "त्याला सांगा, बागेत तूच जाऊन बस."

राहता राहिली सरकारची योजना. माजी सैनिक आणि त्यांच्या हयात जोडीदारांना घरपोच मदतनीस. मी वाणिज्य शाखेचा माणूस, सगळी हयात गोदामातला साठा मोजण्यात गेली, निवृत्तीला दहा महिने उरलेत. फॉर्म भरण्यात मला कोणी हरवू शकत नाही असा माझा समज होता. चौदा पानी अर्ज मी सुवाच्य अक्षरात भरला. सातव्या पानावर प्रश्न होता, "पतीची सध्याची प्रकृती." मी "निधन" लिहिलं. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला: "त्रुटी. प्रकृतीचे स्वरूप नमूद करावे." अर्ज विधवेचा आहे हे पहिल्याच पानावर लिहिलं होतं, पण पहिलं पान बहुधा दुसऱ्या टेबलावर वाचतात. शेवटी मी "स्थिर" असं लिहिलं. अर्ज मंजुरीसाठी पुढे गेला.

मग पत्र आलं की अधिकारी घरी येऊन पाहणी करतील. इथे चूक माझी झाली. पत्रात शब्द होता "मूल्यमापन भेट". मी फोनवर सोपं करून सांगितलं, "वहिनी, गुरुवारी तपासणी आहे."

मग त्यांनी विचारलं, "किती वाजता?"

गुरुवारी अकराच्या सुमारास पोचलो तर दाराची कडी चकाकत होती. शिवणवालीने दोन दिवस राबून भांडी, खिडक्या, दिव्यांच्या काचासुद्धा पुसल्या होत्या. वहिनी भिंतीजवळच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. केस चोपून बसवलेले, पायांत बंद बूट, काठी कुठेच नाही.

"काठी कुठे आहे?"

"पलंगाखाली. काही तरी वेडंवाकडं दिसायला नको."

"वहिनी, वेडंवाकडंच दिसायला हवं आज."

"भाऊजी, तुम्हाला यातलं कळत नाही. तुम्ही गोदामातले."

तेवढ्यात पाहणीच्या अधिकारी बाई आल्या. तिशीच्या, हातात टॅबलेट, बोलणं गोड. बसल्या बसल्या घराचं कौतुक करून झालं. मग प्रश्न.

"आजी, अंघोळ?"

"रोज. सकाळी सहाला."

"स्वतः करता?"

"मग कोण घालणार? सरकार?"

बाई हसल्या आणि "स्वतः"वर बोट टेकवलं. मी तोंड उघडलं, "मॅडम, तसं नाहीये, वरच्या मजल्यावरची..."

"काका, प्लीज. लाभार्थ्यांनीच उत्तर द्यायचं असतं."

"कपडे घालणं?"

"दिसतायत ना अंगावर?"

स्वतः. जेवण, स्वतः. संडासला जाणं, "हे काय विचारणं झालं," म्हणजे स्वतः. शेवटी बाई म्हणाल्या, "जरा उभं राहून दाखवता?" आणि वहिनी उभ्या राहिल्या. खुर्चीचा हात न धरता, जबडा आवळून, खांदे मागे घेऊन. मला त्यांच्या मानेवरची शीर दिसत होती. बाईंना टॅबलेट दिसत होता.

"आजी, तुम्ही तर माझ्यापेक्षा ठणठणीत," म्हणत बाई गेल्या. एकूण अठरा मिनिटं.

"कशी झाली तपासणी?" वहिनींनी विचारलं.

"पास झालात," मी म्हणालो. मला इतका राग आला होता की दुसरं काही सुचलं नाही.

त्या प्रसन्न दिसल्या. मग हळूच म्हणाल्या, "शिवणवालीला फोन करा. आणि तुम्ही जरा बाहेर थांबा." सकाळी सहाला अंघोळ झाल्यापासून, बाईंसमोर उभं राहणं सोडलं तर, त्या त्या खुर्चीतून उठल्या नव्हत्या. उठलं तर कपडे चुरगळतील आणि पुन्हा नीट करायला कोणी नाही, म्हणून. बाहेर जाताना मला खुर्चीखालची ओली फरशी दिसली. मी पाहिलं हे त्यांना कळलं.

पंधरा दिवसांत निकाल आला. एकवीसपैकी शून्य. "लाभार्थी स्वावलंबी असल्याने अपात्र." खाली अभिनंदन करायचं तेवढं राहिलं होतं. फेरतपासणीची मुभा होती, आणि तिची तारीख पडली पुतण्याने धरलेल्या खोलीची मुदत संपायच्या चार दिवस आधी.

मी वहिनींपुढे हात जोडले. "या वेळी खरं सांगा. बटण लागत नाही, एवढं जरी म्हणालात..."

"परक्या माणसासमोर?"

"वृद्धाश्रमात सगळे परकेच असतील."

"तिथे मी जाणार नाही."

"मग खरं सांगा."

"सांगणार नाही."

असं तीनदा झालं. त्यानंतर मी त्यांना फेरतपासणीची तारीख सांगितली नाही. शिवणवालीला म्हणालो, त्या दिवशी सकाळी येऊ नकोस, अकरानंतर ये.

"मला यात ओढू नका, काका," ती म्हणाली. "म्हातारीला तसंच पडू द्यायचं?"

"एकच सकाळ."

"तुम्ही त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवू शकाल नंतर?" तिने विचारलं. पण आली नाही.

साडेनऊला मी माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. या वेळी अधिकारी पुरुष होता, सर्दी झालेला आणि घाईत. वहिनी पलंगावर होत्या. गाऊन अर्धवट वर गेलेला, केस सुटलेले, एक चप्पल पलीकडे भिंतीपाशी, हात पोचणार नाही अशी. चादर ओली होती. खोलीत वास होता. वहिनींनी त्या माणसाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"आजी, अंघोळ स्वतः करता?"

उत्तर नाही.

"कपडे?"

उत्तर नाही. प्रत्येक प्रश्नाला त्याने "प्रतिसाद नाही" असं नोंदवलं. त्याला कुठेही बोट फिरवून बघावं लागलं नाही. सात मिनिटांत काम झालं. जिन्यात तो मला म्हणाला, "केस स्पष्ट आहे. असं आधीच कळवायला हवं होतं तुम्ही."

एकवीसपैकी एकोणीस. ताठ उभं राहून बोलल्या तेव्हा शून्य. लाजेने वाचा बसली तेव्हा एकोणीस. असा फॉर्म ज्याने बनवला त्याला बढती मिळाली असेल, याबद्दल मला शंका नाही.

आता मदतनीस येते, सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला. मुलगी चांगली आहे, वहिनींशी तिचं जमतं. बागेसमोरची खोली दुसऱ्या कोणाला तरी गेली. पुतण्याने मेसेज केला, "ग्रेट जॉब, काका."

मी दर रविवारी संध्याकाळी जातो. वहिनी माझ्याशी बोलत नाहीत. ज्या घरात मी चाळीस वर्षं स्वयंपाकघरात शिरून हाताने वाढून घेतलं, तिथे त्या मदतनीस मुलीला सांगतात, "पाहुणे आलेत. त्यांना खुर्ची दे." मी बसतो. तिच्यामार्फत तब्येतीची चौकशी करतो, तिच्यामार्फत उत्तर येतं.

मंजुरीच्या पत्राच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, शेवटची अट आहे: लाभ चालू राहण्यासाठी दर वर्षी लाभार्थ्याची पुन्हा तपासणी होईल. ते मी वहिनींना अजून सांगितलेलं नाही. सांगावं लागेल. त्या दिवशी घरात त्या कशा सापडतील, हे या वेळी मी ठरवणार नाही. त्यांना कळवेन, तारखेसकट. मग त्या पुन्हा ताठ बसल्या आणि पुन्हा शून्य मिळालं, तर वृद्धाश्रमातल्या खोलीसाठी पुतण्याला मीच फोन करीन.