अक्कांचं खरं होतं

भिगवणहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होते. "मामी, आई गेली…" एवढंच बोलला. माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? आता ते सांगायचं राहूनच गेलं.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. शाळेची पायरी कधी चढल्या नव्हत्या, पण मी बारामतीत शिक्षिका म्हणून लागले तेव्हा माझं लेकरू दोन वर्षं त्यांनीच सांभाळलं. वर दटावणी, "तू शिकीव गं पोरांना, ह्याला मी बघते हितं."

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे इंदापूरकडचं एक जुनं घर बघायला गेलो. घरच्या लोकांनी ते नीट राखून सगळ्यांसाठी खुलं केलेलं. तुळया, कोनाडे, घंगाळ, प्रत्येकापुढं पाटी. अक्का गुमान बघत होत्या. स्वयंपाकघरात मात्र थबकल्या. "अगं बया! ही चूल कुणी मांडली? वैलाला भोकच न्हाय. जाळ जायचा कुठनं?" वैल म्हणजे चुलीला लागून असलेली छोटी जागा, चुलीचा जाळ भोकातून तिथं जातो, भाकरी होईस्तोवर आमटी उकळत राहते. बोलता बोलता अक्का दोरीखालून वाकल्या आणि चुलीत हात घातला. राखणदार ओरडला, "आजी, हात लावू नका!" नेमक्या आमच्या मुख्याध्यापिका तिथं आलेल्या. माझं डोकंच फिरलं. "अक्का, लोक बघतायत. अडाण्यासारखं करू नका!"

त्यांनी हात काढला, पदराला पुसला. "व्हय गं, चुकलंच माझं," म्हणाल्या.

आठवड्यानं राखणदाराचा फोन. तिथल्या वहीत नंबर माझाच होता. "ताई, पाहुण्यांसाठी चूल पेटवली, वैलावर आमटी ठेवली, तर तासाभरानं पण गारच की! आजींचं खरं होतं. त्यांना आणता का? त्यांच्याच हातनं मांडून घेऊ."

"बघते," म्हटलं. आणि अक्कांना सांगितलंच नाही. सांगायचं म्हणजे आधी माफी मागायची, आणि दिवसभर वर्गात चालणारी माझी जीभ तेवढ्यालाच जड! संक्रांत गेली, परीक्षा आल्या… आपलं खरं होतं हे न कळताच ती बाई गेली. याची मला लाज वाटते, दुसरा शब्द नाही.

परवा भिगवणला गेले. परसात अक्कांची चूल. रोज सकाळी पेटवायच्या आधी तिच्यावर मातीचं पोतेरं फिरवायच्या. महिनाभरात पोपडे धरलेत. मी माती कालवली, पोतेरं फिरवलं, चूल पेटवली, वैलावर आमटीचं पातेलं ठेवलं. जाळ भोकातून सरळ पलीकडं गेला. थोड्या वेळानं आमटी रटरटायला लागली.

"अक्का, तुमचं खरं होतं. अडाणी मी," चुलीपुढं बसून मोठ्यानं म्हणाले. भाचा दारात येऊन बघत राहिला.

बघू दे.