लेकीला टॅग केलं

माझी मुलगी दहावीत असताना मी तिच्यावर सूड उगवला. आईनं असं बोलू नये म्हणतात, पण मला दुसरा शब्द सापडत नाही.

मी नातेपुत्याची. लग्न होऊन सोलापुरात आले, घरी ब्लाउज शिवते. बोलणं मात्र माहेरचंच राहिलं. एका दुपारी माप द्यायला आलेली बाई म्हणाली, "ताई, तुम्ही तर फेमस झालात की!" तिची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात. बाईनं मोबाईल पुढं केला. त्यात मी. अंगात मॅक्सी, गळ्यात टेप, भावाशी फोनवर ओरडतेय, "आवं दादा, मी हितं हाय, तुमी कुटं हाय?" मागं हसण्याचे आवाज लावलेले. वर लिहिलेलं, 'आमच्या आईला फोनची गरजच काय?' मुलीचं असं दुसरं अकाउंट आहे, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. ते रील टाकून बारा दिवस झाले होते.

बारा दिवस ती माझ्या हातचं गरम जेवत होती.

संध्याकाळी मी लेकीला म्हणाले, "मला पण रील करायला शिकव की. ब्लाउजच्या डिझाइन टाकीन." ती खूश झाली. मला कसं काहीच जमत नाही हे दर दोन मिनिटांनी सांगत तिनं सगळं शिकवलं. मी मन लावून शिकले.

रविवारी ती आरशासमोर उभी होती. तोंडाला मुलतानी माती, डोक्याला तेल, आणि "हाय गाइज" म्हणायचा सराव चाललेला. इंग्रजी अडलं की पाय आपटायची, पुन्हा पहिल्यापासून. मी स्वयंपाकघराच्या दारातून सगळं मोबाईलवर घेतलं. 'आमच्या घरची हिरॉइन' असं लिहून टाकलं आणि तिला टॅग केलं.

सोमवारी ती शाळेतून रडतच आली. दप्तर फेकलं.

"आई, काढ ते! आत्ताच्या आत्ता!"

"तू माझं काढलंस का?"

तिचा चेहरा पांढरा पडला. "मी गंमत म्हणून टाकलं होतं."

"मी गंमत म्हणून न्हाय टाकलं," मी म्हणाले.

दोन दिवस ती शाळेत गेली नाही. तिचे वडील कुर्डुवाडीला रेल्वेत आहेत. सुट्टीला आले तेव्हा त्यांना सगळं कळलं. "पोरीशी बरोबरी करतीस व्हय?" ते म्हणाले.

"व्हय, करते. बारा दिवस म्हणजे बारा दिवस."

पाचव्या दिवशी मी ते रील उघडलं. खाली एका अनोळखी माणसानं माझ्या पोरीबद्दल असं घाण लिहिलं होतं की मी इथं सांगू शकत नाही. फोटोवरून माणूस चाळिशीच्या पुढचा दिसत होता. पोरगी दारातच उभी होती. मी मोबाईल उलटा केला.

"बघितलं मी ते," ती म्हणाली. "असले येतात की. मी ब्लॉक करते."

"कधीपासून येतात?"

"आठवीपासून."

तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी संपली म्हणून सांगावं तसा. आठवीत तिला मी वेणी घालून देत होते. आणि आता त्या माणसापर्यंत तिचा चेहरा मीच नेऊन पोचवला होता.

मी बारा दिवस पुरे केले नाहीत. रील तिथंच काढून टाकलं. मग तिच्या शेजारी बसून म्हणाले, "त्याची तक्रार कशी करायची ते दाखव." तिनं दाखवलं. त्या माणसाचं पुढं काय झालं, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनंही माझं रील काढलं. माफी तिनं मागितली नाही, मीही नाही. आता कुणी काही घाण पाठवलं तर ती कधी कधी मला दाखवते, कधी लपवते. तिची आणखी किती अकाउंट आहेत, मला माहीत नाही.

त्या माणसाचं आठवलं की अजून वाटतं, ते रील टाकायला नको होतं. पण सोमवारी दप्तर फेकून उभ्या राहिलेल्या माझ्या लेकीचा तो पांढरा पडलेला चेहरा आठवला, की खरं सांगते, बरं वाटतं.