कंडेक्टर, जेवाय बसा

वडील एसटीत वाहक होते. वाहक हा शब्द त्यांच्या बिल्ल्यावर होता, तेवढाच. लोहाऱ्याकडची माणसं त्यांना 'कंडाक्टर' म्हणत, मी शाळेत रुबाबात 'कंडक्टर' म्हणायचे आणि आई म्हणायची 'कंडेक्टर'. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. चारचौघांत 'अहो'सुद्धा तिला जड जायचं. मग लग्नापासून तिनं नोकरीचंच नाव केलं. "कंडेक्टर, जेवाय बसा." एवढ्या हाकेवर ते हातातलं काम टाकून उठायचे. मी एकदा तिचा शब्द सुधारायला गेले, तर म्हणाली, "तुझा शाळंतला असंल. ह्यो माजा हाय."

गेल्या वर्षी आई गेली. वडिलांना आधीच विसर पडत होता. ती गेल्यावर त्यांचं सगळंच हरवलं. मी त्यांना कळंबला माझ्या घरी आणलं. ते जेवेनात. दुधात कुस्करलेल्या भाकरीचा घास पुढं केला की ओठ घट्ट मिटून घ्यायचे. 'आप्पा' म्हणून विनवण्या केल्या. 'कंडक्टर साहेब' म्हणून थट्टा केली. गावाकडचं 'कंडाक्टर'ही म्हणून झालं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल.

आईचा शब्द मात्र जिभेवर येईना. तिच्याशिवाय तो कुणी उच्चारला नव्हता. लेकीनं बापाला तशी हाक मारायची म्हणजे आईच्या पाटावर जाऊन बसायचं.

शेवटी एका दुपारी, खरं तर वैतागूनच, मी म्हणाले, "कंडेक्टर, जेवाय बसा."

ते उठले. मांडी घातली. माझ्याकडं बघून हसले.

"कुठं गेली व्हतीस? लई उशीर केलास."

"हितंच तर हाय," मी म्हणाले.

त्यांनी सगळी वाटी संपवली. मी तोंड पुसून देताना त्यांनी हळूच विचारलं, "पोरगी आली न्हाय व्हय भेटाय?"

"यील," मी म्हणाले.

आता ते दोन्ही वेळा नीट जेवतात. डॉक्टर खूश आहेत. चुकून 'आप्पा' म्हटलं तर घास तोंडाशीच थांबतो, म्हणून तो शब्द मी सोडून दिलाय. जेवण झालं की ते दाराकडं तोंड करून लेकीची वाट बघत बसतात, आणि मी त्यांच्यासमोरच खरकटं काढत असते.