आईच्या अंगातलं टेक्नेशियम आणि डबीतलं अमेरिशियम

गेल्या आठवड्यात पेणला आमच्या घरात आईने संपच पुकारला... "मी काय त्ये इंजेक्शन घेनार नाय."

आई गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. मागे तिचं छातीच्या गाठीचं ऑपरेशन झालेलं, आणि आता कंबर दुखायला लागली... म्हणून डॉक्टरांनी पनवेलला बोन स्कॅन सांगितला. आजार हाडात उतरलाय का, ते बघायचं होतं. माझी तर झोपच उडाली होती.

आणि ही अडली कशावर, तर त्या इंजेक्शनमधल्या टेक्नेशियम नावाच्या किरणोत्सारी धातूवर! मी रोह्याला एका कंपनीत फायर सेफ्टीला आहे. आमच्या जुन्या स्मोक डिटेक्टरमध्ये, म्हणजे धूर ओळखणाऱ्या डबीत, अमेरिशियम हा असाच किरणोत्सारी धातू असतो, ती उघडायची नाही, भंगारात टाकायची नाही, हे घरी जेवताना मीच ऐकवत असते. आईने दोन्ही धातूंना एकाच रांगेत बसवलं.

"तुझ्या डबीतल्यासारखं माझ्या अंगात शेकडो वर्षं ऱ्हायलं तर? असल्या हातानं देवाचे डोळे आखू व्हय गो?"

आधी रागच आला... हिला आजाराची नाही, मूर्तीची काळजी! मग बसले समजवायला.

दोन्ही धातू माणसाने बनवलेले, पण स्वभाव निराळे. अमेरिशियम शेकडो वर्षं टिकतं, म्हणून डबीत बसून धुरावर पहारा देतं. त्याचे मुख्य किरण साध्या कागदानेही अडतात, पण पोटात गेलं तर घातक. टेक्नेशियम सहा तासांत निम्मं होतं, शिवाय बरंचसं लघवीवाटे निघून जातं. त्याचे किरण अंगातून बाहेर येतात, म्हणून तर कॅमेऱ्याला हाडं दिसतात.

आई म्हणाली, "म्हंजे एक घरजावई, नि दुसरा च्या पिऊन जानारा पावना."

अगदी तसंच, म्हटलं!

तरी स्कॅनच्या दिवशी तिथल्या टेक्निशियन ताईंना तिने पुन्हा विचारलंच. आज भरपूर पाणी प्या, लहान मुलांना जवळ घेऊ नका, उद्या खुशाल कामाला बसा, असं त्या म्हणाल्या.

काल रिपोर्ट आला... हाडं एकदम स्वच्छ! कंबरेचं दुखणं नुसतं झिजेचं. हुश्श... मी तशीच कारखान्यात धावत गेले आणि सगळ्यांसमोर रडतच सांगितलं.

आईने वरही पाहिलं नाही. समोरच्या मूर्तीचा एक डोळा झाला होता, दुसरा बाकी होता. तिने तो शांतपणे पूर्ण केला, ब्रश खाली ठेवला... आणि मला जवळ घेऊन माझ्यापेक्षा मोठ्याने रडली.

इतके दिवस ही घाबरलेलीच नाही, असं मला उगाच वाटत होतं.