बेंतोच्या खांद्यावरचा हात

लॅटिनमधला एक लांबलचक शब्द झिजत झिजत ‘बेंतो’ झाला, आणि त्याचा अर्थ ‘आशीर्वाद मिळालेला’, हे मला शाळेत कळलं. आमच्या डोंगरातल्या गावाला अर्थाशी काही देणंघेणं नाही. सलग सातवा मुलगा झाला की त्याचं नाव बेंतो ठेवायचं आणि बाप्तिस्म्याला थोरल्या भावानं धर्मपिता म्हणून त्याला हातात धरायचं. नाहीतर पोरगा मोठेपणी दर शुक्रवारी लांडगा होतो.

गावच्या भट्टीवर पाव भाजणारा बेंतो सातवा. त्याचं नाव बरोबर पडलं, हात चुकला. थोरला आदेलिनो वसाहतींतल्या लढाईवर पाठवतील या भीतीनं बाप्तिस्म्याच्या आठवडाभर आधीच चोरून फ्रान्सला पळाला होता. मग दुसऱ्या भावानं धरलं. तेव्हापासून बेंतो गावाच्या लेखी अर्धा लांडगा. पावात केस निघाला, असं बायका चिडवायच्या. तोही गुरगुरून दाखवायचा.

चोविसाव्या वर्षी त्यानं इदालिनाला मागणी घातली, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. इदालिना माझी आई. तिची आई फिलोमेना, म्हणजे माझी आजी, हिनं एकच तोड सांगितली. सात-आठ वर्षांतून एकदा बिशप दृढीकरणाला, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करायच्या विधीला, डोंगर चढून येतात, ते जूनमध्ये येणार होते. तेव्हा आदेलिनोनं धर्मपिता म्हणून बेंतोच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभं राहायचं, मग लग्न.

आदेलिनोनं येतो म्हणून कळवलं. आगगाडीनं वेळेत पोचला असता. पण फ्रान्सचा माणूस गावात पायी शिरला तर इभ्रत काय राहिली? त्यानं जुनी मोटार घेतली. ती स्पेनमध्ये बंद पडली आणि सुटा भाग यायला तीन दिवस लागले.

रविवारी बेंतो रांगेत शेवटी उभा राहिला. मागे कोण आहे, असं बिशपांनी दोनदा विचारलं. शेवटी पाद्रींनी घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला बेंतोच्या मागे ढकललं.

आदेलिनो मंगळवारी हॉर्न वाजवत आला. भट्टीवर जाऊन त्यानं भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

“बिशप गेले, दादा.”

“मी बोलतो फिलोमेनाशी. गाडीतून फिरवून आणतो तिला.”

“बसेल ती. पण हो म्हणायची नाही.”

आजी बसली, दोन फेऱ्या मारल्या आणि नाही म्हणाली. वर्षभरात आईचं लग्न टपालवाल्याशी झालं. माझे वडील घरातला तिसरा मुलगा, त्यांच्यापासून कुणाला धोका नव्हता. बेंतो एकटाच राहिला.

शेवटच्या आजारपणात मी आजीला विचारलं, बेंतो लांडगा होतो असं तुला खरंच वाटायचं का?

“मला कुठे वाटत होतं,” ती म्हणाली. “गावाला वाटायचं.”

बेंतोला हे मी अजून सांगितलेलं नाही.